उफराट्या रोझीचे सहा प्रवेश

अठरा वर्षं कोरड्या ओढ्याच्या मैदानावरचा प्रत्येक प्रवेश मी लिहिला, आणि अठरा वर्षं वर्ना गायेगोसने त्यातल्या प्रत्येकाला नावं ठेवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्या उपकाराबद्दल आहे आणि उपकार मान्य करायची मला सवय नाही.

आमचा खेळ असा. महिन्यातून एका शनिवारी आम्ही पन्नास-साठ माणसं दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे चढवून, त्या काळच्या घडणीची दोन रिव्हॉल्व्हरं, एक रायफल आणि एक दुनळी घेऊन जमतो आणि लोखंडी तबकड्यांवर गोळ्या झाडतो. एका सामन्यात सहा प्रवेश, आणि प्रत्येक प्रवेशाला एक गोष्ट. बँक लुटली, आगगाडी अडवली, कुणी कुणाचं डुक्कर पळवलं. नेमबाजाने जागेवर उभं राहून प्रवेशाचं पहिलं वाक्य मोठ्याने म्हणायचं, मग टायमर वाजतो आणि धावपळ सुरू. वाक्य पुरं झाल्याशिवाय टायमर वाजवायचा नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. शिवाय प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागतं. मी 'आडमुठं खेचर'. नाव माझ्या बायकोने, इनेझने सुचवलं आणि क्लबातल्या एकानेही त्याला हरकत घेतली नाही.

प्रवेश लिहायचा म्हणजे नुसती गोष्ट रचून भागत नाही. टेबल कुठे, खिडकी कुठे, माणसाने कुठून कुठे चालायचं, सगळं ठरवावं लागतं. मी उभा जन्म काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर माती सपाट करणारा ग्रेडर चालवला, त्यामुळे वाट कशी आखावी हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही अशी माझी समजूत होती. या खेळात एका नियमाला सूट नाही. बंदुकीचं तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडेच राहिलं पाहिजे. बाजूला फिरत फिरत ते एका ठरावीक रेघेच्या मागे आलं, मग बंदूक रिकामी का असेना, तो प्रवेश बाद. दिवसात दोनदा झालं तर घरी जायचं.

मी उजव्या हाताचा. उजव्या हाताचा माणूस रायफल छातीशी आडवी धरतो तेव्हा तिचं तोंड डावीकडे येतं. तो डावीकडून उजवीकडे चालला की बांध त्याच्या डाव्या हाताला राहतो आणि नळी आपोआप तिकडेच बघते. म्हणून माझे सगळे प्रवेश डावीकडून उजवीकडे. डावखुऱ्याचं बरोबर उलट होतं. त्याच वाटेने तो सरळ चालला तर त्याची नळी मागे उभ्या असलेल्या माणसांच्या पोटावरून फिरते.

वर्ना डावखुरी. गावात तिचं गुराढोरांच्या खाद्याचं दुकान होतं, आणि नवरा वारल्यावर घरात बसून करायचं काय म्हणून ती आमच्यात आली. पहिल्याच सामन्यात ती रायफल सांभाळत, अंग चोरत, खेकड्यासारखी तिरकी तिरकी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. इतरांच्या दुप्पट वेळ लागला. मग तरातरा माझ्यापाशी आली.

"हे दुसऱ्या टोकाकडूनही करता आलं पाहिजे."

"बाईसाहेब, देवाने पाय दिलेत ना? मग या फिरून," मी म्हणालो.

सगळे हसले. पुढच्या महिन्यात तिने टोपणनाव नोंदवलं, 'उफराटी रोझी'. रोझी कोण ते तिलाच ठाऊक, उफराटी मात्र माझ्यामुळे. तेव्हापासून दर सामन्यानंतर, घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव खाताना ती तोच मुद्दा काढायची आणि मी तेच उत्तर द्यायचो. क्लबात ती म्हणच पडून गेली. कुणी मीठ मागितलं तरी समोरचा म्हणायचा, "देवाने पाय दिलेत ना?"

यंदा फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करताना माझ्या हातातून रेझर गळला आणि तो उचलायला हात खाली जाईना. उजव्या अंगाला अर्धांगवायूचा झटका. पाय दोन महिन्यांत बराचसा ताळ्यावर आला. हात अर्धाच आला. त्यावर वस्तू टेकवता येते, मुठीत धरता येत नाही. जिभेचं तर विचारू नका. डोक्यात वाक्य अख्खं तयार असतं, पण शब्द एकेक करून बाहेर पडतो, तोही धक्के खात.

डावा हात मात्र ठणठणीत होता. एका हाताने रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्यांना आमच्या खेळात मान आहे, तेव्हा म्हटलं चला, आपणही त्या पंगतीला बसू. इनेझ गोळ्या गाडीत नेऊन ठेवायची आणि मी स्वयंपाकघरात बसून रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा डाव्या अंगठ्याने ओढायचा सराव करायचो. रोज शंभर वेळा. इनेझ म्हणायची, घरात टाळ कुटतोयस जणू.

जूनच्या सामन्याला गेलो. पहिला प्रवेश माझ्याच लाल वहीतला, 'आगगाडीचा दरोडा'. माझा लाडका. त्याचं पहिलं वाक्य मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'या गाडीतली एकही थैली माझ्या परवानगीशिवाय खाली उतरणार नाही!' मी 'थैली'पाशी अडकलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकलो. मागची माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. टायमर धरायला पाद्री होता. तो पाद्री नुसता टोपणनावाचा, धंद्याने प्लंबर. सहाव्यांदा अडकलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "मान हलव, खेचरा. तेवढं पुरे."

मी मान हलवली. टायमर वाजला. नेम चांगला लागत होता. रायफलच्या दहाही गोळ्या तबकड्यांवर वाजल्या, आणि रिकामी रायफल उजवीकडच्या टेबलावर ठेवायला मी निघालो, अठरा वर्षं निघत आलो तसाच.

"थांब!"

पाद्रीने माझा खांदा धरला. मी नळीच्या रोखाने पाहिलं. तिथे घडीच्या खुर्चीत, मांडीवर कॉफीचा थर्मास घेऊन इनेझ बसली होती.

रायफल रिकामी होती, उघडी होती, सगळं खरं. पण इनेझ बघत होती आणि मी बघत होतो. उरलेले पाच प्रवेश नियमाने मला खेळता आले असते. मी कमरेचा रिव्हॉल्व्हरांचा पट्टा सोडला.

परतताना गाडीत म्हणालो, "सप्टेंबर. एकदाच. पुन्हा झालं... तर बंदुका... देऊन टाकीन."

"कुणाला देणार? त्यासुद्धा तुझ्यासारख्याच अडेलतट्टू," इनेझ म्हणाली. पण मी नुसतं बोलत नव्हतो हे तिला कळलं होतं. दुसरं माझ्याकडे होतं काय? ग्रेडर गेला, गप्पा मारणं गेलं. हा खेळही गेला असता तर मी खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजल्या असत्या.

सप्टेंबरचा सामना वर्षातला मोठा. त्याचे प्रवेश लिहायचं काम क्लबाने वर्नाला दिलं. मी मनात म्हटलं, झालं, आता अठरा वर्षांचं उट्टं निघणार.

जुलैत ती घरी आली. हातात मोजपट्टी.

"लाल वही देऊ का गं?" इनेझने विचारलं.

"ती नको. त्या वहीत पृथ्वीसुद्धा डावीकडून उजवीकडे फिरते. मला तबकड्यांचं विचारायचंय." ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "रिव्हॉल्व्हरच्या तबकड्या किती लांब लावायच्या?"

"सात... यार्ड. मोठ्या... लाव."

"जवळ आणि मोठ्या? तू तर लांब आणि बशीएवढ्या लावायचास!"

तेव्हा माझंच चुकत होतं. "चूक" हा शब्द तोंडाशी आला होता, पण तो काही बाहेर पडला नाही. "लोकांना... आवाज... हवा असतो," मी म्हणालो. ते खरंच आहे. शंभर-शंभर मैल गाडी हाणून माणसं येतात ती लोखंडाचा टणत्कार ऐकायला.

"आणि कशा टांगू?"

"वरची कड... पुढे. तुकडे... खाली जातात."

"खड्डे पडलेल्या असतील त्या?"

"फेक." खड्ड्यात बसलेली गोळी कुठे उडेल याचा भरवसा नसतो.

तासभर ती विचारत राहिली आणि मी एकेका शब्दात उत्तरं देत राहिलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा माझे एकेक शब्द कुणाला पुरत होते. जाताजाता तिने आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची मोजली. "नवा ओटा घालतेय," ती म्हणाली. इनेझ भांडी घासत होती, तिने वर पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा आली तेव्हा लंगडत होती.

"म्हातारी... झालीस," मी म्हणालो. एवढं बरं पटकन आलं.

"घरच्या पायरीवर आपटले," ती म्हणाली आणि दोन चमचे साखर घालून माझी कॉफी पिऊन गेली.

सप्टेंबरचा तो शनिवार उजाडला. वारा पडलेला, लाल माती आदल्या दिवशीच्या सरीने दबलेली. पाद्रीने पहिला प्रवेश वाचून दाखवला. दरोडेखोरांनी इनेझबाईंचं वाळत घातलेलं धुणं पळवलंय. समोर खरोखरच दोरीवर लांब लांब चड्ड्या लटकत होत्या, आणि लोक आधीच हसायला लागले होते.

"हव्या त्या टोकाकडून सुरुवात करा," पाद्री वाचत होता. "पहिलं वाक्य नाही. टोपीला हात लावलात की टायमर वाजेल."

"वाक्यं कुठे गेली आज?" एक चपळ गडी कुरकुरला.

"महाग झालीत," वर्ना म्हणाली. "तू नेम मार."

माझी पाळी आली. मी उजव्या टोकाला उभा राहिलो, टोपीला हात लावला. वाजल्या, सगळ्या वाजल्या. रिकामी रायफल घेऊन डावीकडे चालताना नळी बांधाकडेच होती. मला काही करावंच लागलं नाही. मी म्हटलं, पहिला तर निभावला.

दुसऱ्यात एक खिडकी होती, तिची चौकट नेमकी अशा उंचीवर की रायफलचं पुढचं लाकूड त्यावर टेकेल. तिसरा सलूनच्या, म्हणजे जुन्या दारूगुत्त्याच्या, ओसरीचा. ती ओसरी मीच बांधलेली, तिला लाकडी पायरी होती. पायरी गायब होती आणि तिथे मातीचा उतार घातला होता. मी अजूनही नशिबालाच श्रेय देत होतो. खेचर हे नाव मला उगाच पडलेलं नाही.

चौथ्या प्रवेशाचं नाव 'इनेझचं स्वयंपाकघर'. एक ओटा, त्यावर दुनळी उघडी करून ठेवायची, आणि शेजारी केक भाजायच्या पत्र्याच्या साच्यात काडतुसं उभी. एकेक उचलायचं नि नळीत सोडायचं, दुसऱ्या हाताची गरजच नाही. बंदूक घसरू नये म्हणून ओट्यावर सतरंजीचा तुकडा ठोकला होता. तपकिरी, त्यावर पिवळं फूल. तो आमच्या पडवीतल्या सतरंजीचा होता. ऑगस्टमध्ये फाटली म्हणून टाकून दिली, असं इनेझने मला सांगितलं होतं.

प्रवेश संपवून मी पाद्रीला गाठलं आणि सतरंजीकडे बोट दाखवलं.

"मला काही माहीत नाही," तो म्हणाला.

मी हललो नाही.

"अरे, शपथ घातलीय तिने. इतरांना फक्त दोन टोकं दिसतायत, आणि तेवढंच दिसावं असं तिचं म्हणणं." त्याने मागे बघून घेतलं. "बरं, ऐक. जुलैपासून दर मंगळवारी. उजवा हात रुमालाने कमरेला बांधायची आणि सहाही प्रवेश चालून बघायची, मी टायमर धरून उभा. तिसऱ्यात पायरीवरून पडली, चांगली आडवी. उठली आणि म्हणाली, पायरी काढ. मी म्हटलं, अगं, तो कशाला पडेल? तर म्हणते, मी पडले ना? मग झालं तर."

"वाक्यं?" मी विचारलं.

"होती की. झकास होती. एकेक करून तिनेच खोडली."

खरं सांगतो, आधी मला रागच आला. माझी कीव करते! मी मैदानाच्या कडेच्या पिंपावर जाऊन बसलो. समोर पाचव्या प्रवेशाला वर्नाची पाळी होती. दोन टोकं मोकळी होती, तरी सुरुवातीला ती सवयीने डाव्या टोकाकडे वळली, मग थबकली, आणि उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली. अठरा वर्षांत ती या मैदानावर सरळ चालताना मी कधी पाहिली नव्हती. सरळ चालली. किती हलकी चालली!

कीव करणाऱ्याला ती वाट माहीत नसते. हिला तिचं पाऊल न् पाऊल माहीत होतं. एवढ्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, मी रायफल डाव्या हातात धरून माझाच प्रवेश चालून पाहिला असता तर दहा मिनिटं लागली असती. मी पिंपावर बसून रडलो. झटक्यानंतर रडू लवकर येतं असं डॉक्टर म्हणाले होते, पण ते त्यातलं नव्हतं.

पाचवा प्रवेश मी कसा खेळलो ते आठवत नाही. रेघ ओलांडली नाही एवढं नक्की.

सहावा शेवटचा. पाद्री वाचायला लागला, "हव्या त्या टोकाकडून. पहिलं वाक्य... तुम्हाला जे म्हणायचं असेल ते. म्हणून संपेपर्यंत टायमर वाजणार नाही." त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "एवढंच लिहिलंय."

लोकांना चेव आला. एक ओरडला, "कालवण करपतंय!" दुसऱ्याने सासूला रामराम ठोकला. चपळ गड्याने आपल्या घोड्याचं नाव घेतलं, त्याच्याकडे घोडा नसताना. या वेळी वर्ना यादीत माझ्या नंतर होती. रिव्हॉल्व्हरं भरायच्या टेबलापाशी ती पाठमोरी उभी होती.

मी उजव्या टोकाला उभा राहिलो.

"मान हलवलीस तरी चालेल," पाद्री कुजबुजला.

"नाही," मी म्हणालो.

आणि सुरुवात केली. "वर्ना."

ती वळली.

"अठरा... वर्षं. तुला... मी... उलटं... चालवलं."

साठ माणसं, आणि लांब कुठल्यातरी गाडीतल्या कुत्र्याचं भुंकणं तेवढं ऐकू येत होतं. पाद्री टायमर धरून असा उभा होता की जणू त्याला आज दुसरं कामच नाही. पुढचा शब्द येईना. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. लोकांना वाटलं झटक्यामुळे अडलंय. इनेझला बरोबर ठाऊक होतं. हा शब्द फेब्रुवारीच्या आधीसुद्धा माझ्या तोंडून कधी बाहेर पडला नव्हता.

"चूक," मी म्हणालो. "माझी. आभारी... आहे. फार... फार आभारी आहे."

मी टोपी सारखी केली आणि मान हलवली. टायमर वाजला.

पाच, पाच, दहा, आणि दुनळीच्या चार. मोठ्या तबकड्या, सात यार्डांवर, वरची कड पुढे झुकलेली. प्रत्येक वाजली. उजवीकडून डावीकडे चालत गेलो, रिकामी रायफल टेबलावर ठेवली, दुनळी उचलली. सगळ्या बंदुका रिकाम्या करून परत आलो तेव्हा पाद्रीने आकडा वाचला. "ब्याण्णव सेकंद. एकही हुकली नाही. रेघ जागच्या जागी." मग टायमर खिशात घालत म्हणाला, "वाक्यालाच जास्त वेळ लागला."

इनेझ खुर्ची घेऊन जवळ आली. डोळे पुसलेले दिसत होते, पण आवाज नेहमीचाच. "मग? कुणाला देतोयस बंदुका?"

"कुणाला... नाही."

वर्नाचा पुकारा झाला. ती उजव्या टोकाला गेली, पाय रोवून उभी राहिली. आता काय ऐकवते म्हणून सगळे पुढे सरकले. कुणीतरी मागून आठवणही करून दिली, "देवाने पाय दिलेत ना, रोझी?" अठरा वर्षांत तिने माझं एकही बोलणं बिनउत्तर सोडलेलं नव्हतं, आणि आज तर तिला हवा तेवढा वेळ होता.

"तुझं वाक्य?" पाद्रीने विचारलं.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पोचलं," ती म्हणाली, आणि टायमर वाजला.